मेबलविषयी आई-बाबांस

लीड्स, इंग्लंड

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

रविवारी फोनवर मांजराचा विषय निघाला, तेव्हा बाबांनी विचारले की, घ्यायचेच होते तर एखादे पिल्लू घ्यायचे, हे अकरा वर्षांचे म्हातारे मांजर कशाला? प्रश्न रास्त आहे आणि फोनवर घाईने उत्तर देण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मेबल ज्या आजींकडे लहानाची मोठी झाली, त्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या आणि तिथे तिला बरोबर नेण्याची सोय नव्हती. त्यामुळे ती कॅट्स प्रोटेक्शन या संस्थेकडे आली. ही संस्था 1927 पासून इथल्या बेघर मांजरांसाठी काम करते आणि तिचे अनेक स्वयंसेवक नवे घर मिळेपर्यंत मांजरे स्वतःच्या घरी सांभाळतात. पिल्लांना घर मिळायला फारसा वेळ लागत नाही. वय झालेल्या मांजरांना मात्र लोक टाळतात, कारण मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइड, दात अशी दुखणी पुढे उभी राहतील आणि लळा लागेपर्यंत ते निघून जाईल, अशी धास्ती असते. ही धास्ती खोटी नाही, आणि आम्ही दोघांनी तिचा पुरता विचार केला आहे. पण घरात राहणारे मांजर नीट काळजी घेतली तर पंधरा वर्षांच्या पुढेही जगते, शिवाय आम्ही दोघे दिवसभर कामावर असताना सतत खेळायला कोणीतरी हवे असणारे पिल्लू एकटे ठेवणे मला योग्य वाटले नाही. आणि खरे सांगायचे तर, उतारवयात काही दोष नसताना जिचे घर सुटले, तिला पुन्हा घर मिळावे, एवढी एकच गोष्ट माझ्यासाठी पुरेशी होती.

संस्थेने चौकशीही कसून केली. घराजवळ रहदारी किती, घरात लहान मुले किंवा इतर जनावरे आहेत का, आम्ही भारतात आलो की हिच्याकडे कोण पाहणार, हे सगळे विचारले. घर भाड्याचे असल्यामुळे घरमालकाचे संमतिपत्रही आम्ही घेऊन ठेवले. तिची नसबंदी आणि लसीकरण झालेले आहे, आणि खांद्यांच्या मधोमध कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे. ती यंत्राने वाचली की नोंदणी क्रमांक दिसतो आणि त्यावरून मालकाचा पत्ता लागतो. 10 जून 2024 पासून इंग्लंडमध्ये पाळीव मांजराला अशी चिप बसवणे कायद्याने सक्तीचे आहे. आई, आपल्या वाड्यात माळ्यावर मांजरी वरचेवर व्यायच्या आणि त्यांतली किती पिल्ले जगत नसत, हे तू पाहिले आहेस. मांजरी चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते, म्हणून इथे नसबंदीवर इतका भर देतात, आणि मला ते अगदी पटते.

सुरुवातीला ती पलंगाखाली भिंतीला चिकटून बसून असे आणि आम्ही खोलीत असताना अन्नाला तोंड लावत नसे. संस्थेतर्फे ज्या बाईंनी तिला घरी सांभाळले होते, त्यांनी एका कागदावर तिच्या सवयी लिहून दिल्या होत्या. त्यात एक ओळ अशी होती की, पूर्वीच्या घरी संध्याकाळी रेडिओ लागत असे. आम्ही त्या खोलीत रेडिओ हळू आवाजात लावून ठेवू लागलो. मग एका संध्याकाळी बातम्या चालू असताना ती बाहेर आली, माझ्या पायाशी ठेवलेल्या बशीतले खाल्ले आणि तिथेच बसून पंजा चाटत राहिली. तिच्या हनुवटीवरचे केस पांढरे झाले आहेत आणि वरचा एक सुळा काढलेला आहे, हे मला तेव्हा जवळून दिसले.

आई, एक गोष्ट तुला जड जाईल, म्हणून आधीच सांगते. मांजराला मांसाहार द्यावाच लागतो; त्यातून मिळणारे टॉरिन नावाचे द्रव्य कमी पडले तर त्याचे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. तिचे डबे आणि बश्या वेगळ्या कपाटात आहेत आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी त्यांतले काहीही येत नाही. आपल्याकडे मांजर दिसले की दूध घालतात, पण मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना गाईचे दूध पचत नाही, तेव्हा तिला फक्त पाणी.

जूनमध्ये तुम्ही याल तेव्हा थोडे सांभाळावे लागेल. बाबा, तुमची पॅरासिटामॉलची गोळी उशाशी उघडी ठेवू नका. मांजराच्या शरीराला ते औषध पेलत नाही आणि एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. कांदा-लसूण घातलेले काही तिला भरवायचे नाही. देवापुढे फुले जरूर आणू, मात्र लिली नको, कारण तिचे पराग अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. तिची शी-शूसाठीची मातीची पेटी आम्हीच साफ करतो, तुम्हाला त्यात काही करावे लागणार नाही. बाबांना शिंका येतात, हे लक्षात ठेवून तुमच्या खोलीचे दार आतापासूनच बंद ठेवत आहोत.

खर्चाची चिंता करू नये. विमा उतरवला आहे आणि वार्षिक तपासणीसाठी दरमहा रक्कम बाजूला ठेवतो. तिकिटे जूनच्या पहिल्या आठवड्याची काढू की दुसऱ्या, ते कळवावे, म्हणजे मला रजेचा अर्ज देता येईल. प्रकृतीस जपावे.

तुमची,
मनू