न्यूयॉर्कच्या फुटपाथवरचे तोतये जवान

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत राहतो, नोकरी मॅनहॅटनमध्ये, आणि तुमचा पेपर रोज सकाळी ट्रेनमध्ये फोनवर वाचतो. फेरीवाल्यांच्या बातम्या तुमच्याकडे कायम असतात म्हणून म्हटलं इथल्या फेरीवाल्यांबद्दल पण लिहावं, कारण इथं एक भलताच प्रकार चालतो जो तिकडून टूरवर आलेल्या माणसाच्या लक्षात यायचं कारण नाही. युद्धात किंवा नोकरीत असताना जखमी झालेला माजी सैनिक असल्याचं खोटंच दाखवून फुटपाथवर धंदा लावणारे लोक. अशांना सरळ फौजदारी शिक्षा झाली पाहिजे, दंडबिंड नाही, आत टाका, असं इथं बरेच जण म्हणतात. माझंही तेच मत आहे, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

आधी हे समजायला हवं की कोणी असं सोंग घेईलच कशाला. न्यूयॉर्क शहरात कपडे, टोप्या, गॉगल, छत्र्या वगैरे (म्हणजे खाण्याचं सोडून) विकायचं साधं लायसन्स सैन्यात नसलेल्या माणसाला मिळणं वर्षानुवर्षं जवळपास अशक्य होतं. १९७९ मध्ये शहराने आकडा ठरवला ८५३, आणि मग चार दशकांहून जास्त काळ तो तसाच. पंच्याऐंशी लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात ८५३! वेटिंग लिस्ट एवढी लांब की नवीन नावं घेणंच बराच काळ बंद होतं. पुस्तकं, पेपर, चित्रं विकायला लायसन्स लागत नाही कारण ते भाषणस्वातंत्र्यात मोडतं, पण हातमोजे विकायला लागतं, आता हातमोज्यांना कसलं आलंय भाषणस्वातंत्र्य.

पण माजी सैनिकांना हा ८५३ चा आकडा लागू नाही. आणि जखमी माजी सैनिकाला तर त्याच्यापुढे जाऊन खास लायसन्स मिळतं, ज्यावर तो अशा काही रस्त्यांवर उभा राहू शकतो जिथे बाकीच्यांना मनाईच आहे. याचं मूळ १८९४ सालच्या राज्याच्या कायद्यात आहे. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६५ ला संपलं, त्यात हात-पाय गेलेले सैनिक पुढे म्हातारे व्हायला लागले, त्यांना कारखान्यात काम कोण देणार, तेव्हा राज्याने सांगितलं की यांना रस्त्यावर माल विकू द्या, कोणी अडवायचं नाही. कायदा राज्याचा, त्यामुळे शहराला वाटलं म्हणून गुंडाळून ठेवता येत नाही. शहराने बऱ्याच वेळा कोर्टकचेऱ्या केल्या, राज्याने नियम बदलले, मिडटाउनमध्ये (मॅनहॅटनचा गजबजलेला मधला भाग) किती जण आणि एका ब्लॉकच्या एका बाजूला किती जण यावर बंधनं आली, पण मूळ हक्क राहिला. आणि तो राहावा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

म्हणजे कसंय, एकीकडे दार गच्च बंद आणि शेजारी एकच छोटी खिडकी उघडी, जिच्यावर लिहिलंय जखमी जवानांसाठी. खिडकीपाशी सोंगाडे जमणारच.

आता हे सोंग तीन प्रकारचं असतं आणि लोक तिन्ही एकाच पोत्यात भरतात, माझं भांडण तिथंच आहे. पहिला प्रकार सरळ, माणूस कधी सैन्यात नव्हताच, डिस्चार्जचा कागद (इथं त्याला डीडी-२१४ म्हणतात) बनावट, लायसन्सची लॅमिनेट केलेली कलर झेरॉक्स गळ्यात. दुसरा, सैन्यात होता पण जखम नोकरीतली नाही, किंवा मानाने डिस्चार्ज मिळालेला नाही, आणि त्याने अर्जात ते दाबून ठेवलं. या दोघांना शिक्षा व्हावी यात दुमत असायचं कारणच नाही. तोतयाचं काय करायचं हे मराठी माणसाला कोणी शिकवायला नको, भाऊसाहेबांच्या तोतयाचं काय झालं ते आपण शाळेत वाचलंय.

आणि गंमत म्हणजे यांच्यासाठी कायदा आधीपासून आहे, चांगला कडक आहे. न्यूयॉर्क राज्यात बनावट सरकारी कागद फसवायच्या हेतूने जवळ बाळगणं हा फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा, सात वर्षांपर्यंत कैद. तोतयेगिरी करून फायदा उपटणं हा वेगळा गुन्हा, वरच्या वर्गातला मिसडिमिनर (फेलनीपेक्षा हलका गुन्हा), ३६४ दिवसांपर्यंत. (३६४ च का, तर २०१९ पर्यंत पूर्ण वर्ष होतं आणि ३६५ दिवसांची शिक्षा लागली की ग्रीन कार्डवाल्याला सुद्धा देशाबाहेर काढायची केस उभी राहू शकायची, म्हणून एक दिवस कापला. त्या एका दिवसाची किंमत काय ते आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना विचारा.) वर केंद्राचा कायदा आहे, पण तो पदकांपुरता. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात एका पाणीपुरवठा मंडळावर निवडून आलेल्या झेवियर अल्वारेझ नावाच्या माणसाने २००७ मध्ये भर मीटिंगमध्ये उठून सांगितलं की मी पंचवीस वर्षं मरीनमध्ये होतो आणि मला मेडल ऑफ ऑनर (इथलं सर्वोच्च शौर्यपदक) मिळालंय. सगळी थाप, तो सैन्यात कधी नव्हताच. खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि २०१२ मध्ये कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी २००५ चा तो कायदाच रद्द केला, का तर नुसती थाप मारणं हा गुन्हा करता येत नाही. मग २०१३ मध्ये नवीन कायदा आला, त्यात पदकाची थाप मारून पैसा, मालमत्ता किंवा काही ठोस फायदा मिळवायचा हेतू असेल तरच शिक्षा, एक वर्षापर्यंत. मला हा फरक फार पटतो. बारमध्ये बसून फुशारक्या मारणारा वेगळा आणि त्या फुशारकीवर दुसऱ्याची जागा खाणारा वेगळा.

आता तिसरा प्रकार, जो मला रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसतो, आणि ज्यात तोतया नक्की कोण हेच कळत नाही. माजी सैनिक खरा, जखम खरी, लायसन्स खरं. पण धंदा त्याचा नाही. मी ज्या रस्त्याने ऑफिसला जातो तिथे एक टेबल लागतं, नियमाप्रमाणे आठ फूट लांब तीन फूट रुंद, त्यावर टोप्या, मफलर, फोनची कव्हरं. शेजारी घडीच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ, डोक्यावर व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांची टोपी, गळ्यात लायसन्स, मांडीवर थर्मास, बहुतेक वेळ डुलक्या घेत असतात. माल लावणारा, भाव सांगणारा, गल्ला सांभाळणारा एक पोरगा, आपल्याच उपखंडातला, थंडीत नाक लाल झालेलं. संध्याकाळी व्हॅन येते, तिसराच माणूस उतरतो, पैसे घेतो, माल भरतो, जातो. म्हाताऱ्याला दिवसाचे ठरलेले पैसे, पोराला रोजी, आणि मलई त्या व्हॅनवाल्याला. आपल्याकडच्या वाचकांना हे नवीन नाही, नाव एकाचं आणि दुकान दुसऱ्याचं हा प्रकार आपल्याला पाठ आहे.

पण कायद्याने इथं परवाना माणसाचा असतो, टेबलाचा नाही. म्हातारे बाथरूमला गेले आणि त्याच वेळी इन्स्पेक्टर आला तर त्या क्षणी टेबलामागे उभा कोण? पोरगा. टेबलावर पाटी जखमी जवानाची, मागे उभा पंचविशीतला धडधाकट मुलगा ज्याला इंग्रजी पण धड येत नाही. बघणाऱ्याला तोतया तोच दिसणार, आणि उद्या कडक कलम आलं तर पहिल्यांदा बेड्या त्यालाच पडणार. व्हॅनवाला तेव्हा घरी जेवत असेल.

हा पैसा किती मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून मेट्रोपॉलिटन म्युझियमचं उदाहरण देतो. फिफ्थ ॲव्हेन्यूवर म्युझियमच्या पायऱ्यांसमोर हॉटडॉगच्या गाड्या लागतात. ती जागा उद्यान खात्याची, लिलावाने देतात. २००९ मध्ये तिथल्या दोन गाड्यांसाठी एकाने वर्षाला सहा लाख चाळीस हजार डॉलरच्या वर भरायचं कबूल केलं होतं. दोन हातगाड्यांसाठी हो! आणि त्याच्या शेजारी जखमी माजी सैनिकांच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या, एक पैसा न भरता, कारण १८९४ च्या कायद्यामुळे त्यांना ती फी लागूच नाही. साहजिकच त्या माणसाचं गणित कोसळलं. पण मग बाकीच्या गाडीवाल्यांनी पण विचार केला की लिलावात बोली लावण्यापेक्षा एखादा जवान गाठून त्याला खुर्चीवर बसवणं स्वस्त पडतं. भाड्याचा जवान असं म्हणून तेव्हा पेपरात खूप गाजलं. खरोखर स्वतःची गाडी चालवणारे जवान पण तिथं होते आणि आहेत, पण संशय सगळ्यांवर, हे त्या लोकांना किती लागत असेल.

खाण्याच्या गाड्यांच्या परमिटचं पण तेच झालेलं. सरकारी फी दोन वर्षांची दोनशे डॉलर आणि काळ्या बाजारात तेच परमिट भाड्याने वीस-पंचवीस हजार डॉलरला. २०२१ च्या कायद्याने नवीन परमिट दरवर्षी ४४५ द्यायचं ठरलं आणि अट घातली की लायसन्सवाला स्वतः गाडीवर हजर पाहिजे. अट चांगली आहे, पण हजर म्हणजे नक्की काय, खुर्चीवर डुलक्या घेणारा माणूस पण हजरच की.

आणि दुसरीकडे बघा, २०२५ मध्ये शहराच्या कौन्सिलने फेरीवाल्यांवरचे फौजदारी गुन्हेच काढून टाकायचा कायदा केला, महापौरांनी व्हेटो केला, कौन्सिलने सप्टेंबरमध्ये तो व्हेटो उडवून लावला. म्हणजे विनालायसन्स फळं विकणारी बाई आता गुन्हेगार नाही, तिला फक्त दंड. मला हे योग्यच वाटतं. पण अशा वेळी जवान असल्याचं सोंग हा नवीन गुन्हा आणायचा असेल तर शब्द फार जपून टाकावे लागतील, नाहीतर ज्या पोराला एका दाराने सोडलं त्यालाच दुसऱ्या दाराने आत घेतल्यासारखं होईल.

माझ्या मते कलमात तीन गोष्टी स्पष्ट पाहिजेत. माणसाला माहीत होतं की आपण खोटं दाखवतोय, हे सरकारने सिद्ध करायचं, नुसतं टेबलामागे उभं असणं पुरेसं नाही. फायदा कोणाच्या खिशात गेला ते बघायचं, आणि जो दुसऱ्याच्या लायसन्सवर धंदा चालवतो त्याला शिक्षा तोतयापेक्षा जास्त, कमी नाही. आणि खुर्चीवरच्या म्हाताऱ्याचं काय, तर मी म्हणतो लायसन्स काही काळ स्थगित करा, दुसऱ्यांदा सापडला तर काढून घ्या, पण तुरुंग नको. काही जण म्हणतील की तोच तर मूळ भागीदार, त्याने नाव भाड्याने दिलं नसतं तर हे झालंच नसतं. बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या, पाय अधू झालेल्या माणसाला आठ तास थंडीत उभं राहून टोप्या विकणं जमत नाही, म्हणून तो नाव विकतो. त्याला कायदेशीर मदतनीस ठेवायची सोय करून द्या, मदतनीसाचं नाव लायसन्सवर छापा, हिशोब जवानाच्या नावाने होऊ द्या, मग व्हॅनवाल्याची गरजच किती उरते बघा.

तपासणीचं पण तेच. इन्स्पेक्टर येतो तो टेप घेऊन, टेबल आठ फुटांच्या वर आहे का, दुकानाच्या दारापासून वीस फूट लांब आहे का ते मोजतो, गळ्यातलं कार्ड बघतो आणि तिकीट फाडतो. माल कोणी आणला, बिलं कोणाच्या नावावर आहेत, सेल्स टॅक्स कोण भरतो हे त्याने विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नाही. हे तीन प्रश्न संध्याकाळी सहा वाजता, व्हॅन आल्यावर विचारावेत.

आपला,
एक नियमित वाचक, न्यू जर्सी