आधारकार्डं ठेकेदाराच्या पिशवीत का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोंड्यात माझ्या घरामागे भाड्याच्या तीन खोल्या आहेत. मागच्या पावसाळ्यात एका ठेकेदाराने तिथे सात बांधकाम मजूर आणून ठेवले. पोलिसांच्या भाडेकरू पडताळणीसाठी मी आधारकार्डं मागितली. सातही कार्डं ठेकेदाराच्या पिशवीतून निघाली आणि झेरॉक्स झाल्यावर परत त्याच पिशवीत गेली. ‘यांच्याकडे दिली की काम अर्धवट टाकून पळतात,’ असं तो सहज बोलून गेला. मी फॉर्म भरले, भाडं घेतलं. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला दोन महिने लागले, याची आजही लाज वाटते.

आधुनिक गुलामगिरीत जगभर सुमारे 5 कोटी माणसं अडकली आहेत, हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2022 साली प्रसिद्ध झालेला अंदाज मी वाचला होता. पण ती आपल्याच अंगणात राहत असतील, असं मनात आलं नाही. त्याच महिन्यात मी एका बालगृहाला देणगी दिली होती आणि पावती प्राप्तिकराच्या फाइलीला लावून ठेवली होती.

चतुर्थी झाल्यावर त्यांतल्या एका पोराला ताप भरला. केसपेपरसाठी कार्ड मागितलं, तर ते ठेकेदाराकडे. परतताना रिक्षात तो बोलता झाला. गावी बापाने 20 हजारांची उचल घेतलेली. जेवण, खोली, येण्याचं भाडं, सगळं मजुरीतून कापून हातात नुसती खर्ची पडायची आणि उचल होती तेवढीच राहायची. ‘मग सोडून जात का नाहीस?’ या माझ्या प्रश्नावर तो गप्प बसला.

बंधबिगारीच्या, म्हणजे उचलीपोटी माणसाला बांधून राबवण्याच्या प्रथेच्या, निर्मूलनाचा कायदा 1976 चा आहे. अशी उचल त्या कायद्याने रद्दच होते, आणि ती बंधबिगारीची नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हीही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये आशियाड क्रीडास्पर्धेच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितलं आहे. हे सगळं मला वकील असलेल्या भाच्याकडून कळलं. आम्ही उपजिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. चौघांना कार्डं आणि मजुरीचा हिशेब मिळाला. तिघांना त्याआधीच दुसऱ्या साइटवर हलवलं होतं. त्यांत तो तापाने फणफणलेला पोरगाही होता.

देणग्या थांबवा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. वास्कोची ‘अर्झ’ संस्था देहव्यापारातून सुटलेल्या स्त्रियांसाठी 2006 पासून ‘स्विफ्ट वॉश’ ही लॉन्ड्री चालवते. तिथे हॉटेलवाल्यांनी चादरी धुवायला दिल्या, तरी त्या बायकांना महिन्याचा पगार मिळतो. मला हे दान फार मोलाचं वाटतं. पण खोल्या भाड्याने देणारे, घर बांधणारे, एजन्सीकडून मोलकरीण आणणारे आपण सगळे एक प्रश्न फुकट विचारू शकतो: तुझं कार्ड आणि तुझा पगार कोणाच्या हातात आहे? समोर अल्पवयीन मूल असेल तर 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करायला पुराव्याची वाट बघू नये. माझ्या खोल्यांसाठी आता एकच अट आहे: कार्ड ज्याचं त्याच्याच खिशात राहील.

आपल्याला एक विनंती. याच 1976 च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असायला हवी. तिच्यावर अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य आणि दोन समाजकार्यकर्ते असावेत, असं कायद्यातच लिहिलं आहे. आमच्या फोंड्याच्या समितीवर आज कोण आहेत आणि त्यांची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली, हे आपल्या वार्ताहराने विचारून छापावं. दुसऱ्या साइटवर हलवलेल्या त्या तीन मजुरांबद्दल मला समितीपुढे जाऊन बोलायचं आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा