जुन्या हवेलीतली नवी खोली

महोदय,
दिवाळीत आम्ही राजस्थानात होतो. जोधपूरचे उमेदभवन पाहिले. दुष्काळात रयतेच्या हाताला काम मिळावे म्हणून १९२९ मध्ये बांधायला घेतलेला हा राजवाडा १९४३ मध्ये पूर्ण झाला. खोल्या ३४७! तिथे राहणे आम्हाला परवडणारे नव्हते, पण संग्रहालयातून पाय निघेना.

मुक्काम मात्र एका जुन्या हवेलीत केला आणि मन खट्टू झाले. खोली मागच्या अंगणातल्या नव्या इमारतीत, झरोका प्लायवूडचा. मूळ हवेलीच्या भिंतींवर तर चक्क ऑइलपेंट. चुन्याची भिंत श्वास घेते. तिच्यावर असा रंग थापला की ओल आत कोंडते आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. ते पाहताना पैसे वाया गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटले.

केंद्रीय पर्यटन खाते १९५० पूर्वीच्या वास्तूंना ‘हेरिटेज हॉटेल’ असा दर्जा देते. मग आपली खोली जुन्या भागात आहे की नव्या, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी सांगणे हॉटेलांना बंधनकारक करावे. शिवाय दर्जाच्या तपासणीत चुन्याच्या कामालाही गुण हवेत.

– एक वाचक, पुणे