एटीपीच्या त्या पाच ओळींबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. तुमचं नाव तुम्हाला न विचारता इथे लिहीत नाही, पण हायड्रोजन जुळत नाहीत या आमच्या शंकेला तुम्ही पाच ओळींत जे उत्तर पाठवलंत, त्याचे आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. अभिक्रियांचे डेटाबेस एकमेकांना जोडणाऱ्या प्रत्येकाची गाडी कधी ना कधी याच जागी अडते.

केग (KEGG) आणि रिया (Rhea) हे असे दोन डेटाबेस. केगमधली अभिक्रिया रियातल्या अभिक्रियेशी जोडायला गेलं की हायड्रोजन जुळत नाहीत. साधं एटीपीचं (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचं) पाण्याने होणारं विघटन घ्या : एटीपी आणि पाणी यांपासून एडीपी, फॉस्फेट आणि एक प्रोटॉन. एटीपी केगचा आणि बाकीचे घटक रियाचे धरले, तर डावीकडे १८ हायड्रोजन येतात आणि उजवीकडे १४. तुमच्याआधी ज्यांना विचारलं, त्यांचं उत्तर ठरलेलं होतं : "उजवीकडे चार प्रोटॉन टाका आणि पुढे चला." तसं केलं की समीकरण संतुलित दिसतं, प्रभारसुद्धा जुळतो, आणि म्हणूनच ही चूक कुणाच्या लक्षात येत नाही. या अभिक्रिया वापरून केलेल्या मॉडेलमध्ये मात्र दर फेरीला चार प्रोटॉन शून्यातून उगवत राहतात. दुसऱ्या एकांनी तर पैसे घेऊन सगळं ईसी क्रमांकावरून, म्हणजे एन्झाइमांच्या वर्गीकरणाच्या क्रमांकावरून, जोडून दिलं. १.१.१.१ या एकाच क्रमांकाखाली प्राथमिक अल्कोहोलपासून अल्डिहाइड होतं आणि द्वितीयक अल्कोहोलपासून कीटोन, एवढंही बघितलं नाही. शंका काढली तर फोन उचलणं बंद.

तुम्ही काय केलंत? "पुढच्या आवृत्तीत बघू" म्हणाला असतात तरी कुणी बोल लावला नसता. त्याऐवजी पाच ओळी मोजून लिहून पाठवल्यात :

एटीपी : हायड्रोजन १२, प्रभार उणे ४
पाणी : हायड्रोजन २, प्रभार ०
एडीपी : हायड्रोजन १२, प्रभार उणे ३
फॉस्फेट : हायड्रोजन १, प्रभार उणे २
प्रोटॉन : हायड्रोजन १, प्रभार अधिक १

आणि खाली एकच वाक्य : "तुमचा एटीपी १६ हायड्रोजनचा आहे, आमचा पीएच ७.३ चा."

गाठ तिथेच सुटली. केगचा एटीपी उदासीन धरलेला, रियातला पीएच ७.३ ला असतो तसा, म्हणजे चार हायड्रोजन कमी. रियाचाच एटीपी घेतला की दोन्हीकडे १४ हायड्रोजन, दोन्हीकडे उणे ४. चूक अभिक्रियेत नव्हतीच, दोन वेगवेगळ्या रूपांना एकच नाव दिलं होतं. चेबीत (ChEBI, रेणूंच्या नोंदींचा डेटाबेस) उदासीन एटीपीचा क्रमांक १५४२२ आहे आणि चार ऋण प्रभारांच्या एटीपीचा ३०६१६. आम्ल आणि त्याची संयुग्मी आम्लारी (प्रोटॉन गेल्यावर उरणारं रूप) यांचं नातं चेबीच्या ऑन्टॉलॉजीत, म्हणजे संज्ञांमधल्या नात्यांच्या मांडणीत, नोंदलेलं असतं. त्या नात्यावरून आधी प्रत्येक घटक पीएच ७.३ च्या रूपात आणायचा आणि मगच अभिक्रिया ताडून बघायची. हा क्रम उलटा केला की सगळं फिसकटतं. इंची-कीवरून (InChIKey, रेणूच्या रचनेवरून तयार होणारा अक्षरी संकेत) पडताळायचं असेल तर फक्त शेवटचं अक्षर सोडायचं. उदासीन एटीपीला ते 'एन' असतं आणि उणे ४ ला 'जे'. मधला भाग मात्र कधीच सोडायचा नाही, कारण डी-लॅक्टेट आणि एल-लॅक्टेट (एकाच रेणूची आरशातल्यासारखी दोन रूपं) वेगळे कळतात ते तिथेच, आणि त्यांची एन्झाइमंही वेगळी आहेत.

जाता जाता तुम्ही आणखी एक सांगितलंत. रियात एकाच अभिक्रियेला चार क्रमांक असतात. इथे १३०६५ बिनदिशेचा, १३०६६ डावीकडून उजवीकडे, १३०६७ उलटा आणि १३०६८ दोन्ही दिशांचा. जोडणी पहिल्यावरच करायची, नाहीतर एकाच अभिक्रियेच्या चार होतात. हे विचारलंही नव्हतं हो.

माहिती असणारी माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याची चूक नेमकी कुठल्या रेणूत आहे हे त्याच्या जागी बसून मोजणारं माणूस विरळा. त्या मोजणीत कुठेही "एवढंही कळत नाही का" असा सूर नव्हता, हे विशेष जाणवलं.

त्या पाच ओळी आता आमच्या जोडणीच्या फाईलमध्ये सगळ्यात वर आहेत. नवीन कुणी कामाला आलं की पहिल्या दिवशी त्याच मोजायला देतो.

आपले कृतज्ञ,
जोडणीच्या कामातले सगळे