तुझा रिग माझ्या टेबलावर आहे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा रिग, म्हणजे पॅराशूटचा सगळा संच, आज सकाळी उघडला. रिझर्व्ह, अडचणीत उघडायचं दुसरं पॅराशूट, टेबलावर पसरून ठेवलंय, थोडी हवा लागू दे म्हणून, आणि तेवढ्यात लिहायला बसले. फोनवर या विषयावर आपण दोघंही आवाज चढवतो. पत्रात तू मला मधेच तोडू शकणार नाहीस.

तुला मेन, म्हणजे मुख्य पॅराशूट, बदलून १३५ चौरस फुटांची लहान कॅनॉपी (पॅराशूटचं छत) घ्यायचीय, स्वूप, म्हणजे जमिनीजवळ वळण घेऊन वेगानं उतरणं, शिकायचंय, आणि याच मोसमात विंगसूटही, तो हातापायांमध्ये पंख असलेला सूट, सुरू करायचाय. दोन्ही कर. पण एका मोसमात आणि एकाच रिगवर नको. मला भीती वाटते, ती मी लपवत नाही. मात्र नको म्हणायची कारणं तुझ्या रिगमध्येच सापडली, ती सांगते.

तुझी उजवी ब्रेक लाइन (कॅनॉपी वळवायची, मंदावायची दोरी) मागच्या रायझरवरच्या, म्हणजे खांद्यापासून लाइन्सपर्यंतच्या पट्ट्यावरच्या, कडीतून सरकते ना, त्या जागी मी ती दोन बोटांत धरून खिडकीपाशी फिरवली. कापसाच्या वातीसारखी लव उठलीय. मग दोन्ही ब्रेक लाइन्स ताणून मापल्या. असायला हव्यात त्यापेक्षा दोन्ही चांगल्या चार बोटं आखूड भरल्या. तुझ्या लाइन्स स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याच्या. दर वेळी कॅनॉपी उघडताना स्लायडर, लाइन्सवरचा तो कापडी चौकोन, घासत खाली येतो, त्या घर्षणाच्या उष्णतेनं स्पेक्ट्रा आकसतो. स्लायडरच्या कड्यांना लागून असतात त्या कडेच्या आणि ब्रेकच्या लाइन्स सगळ्यात जास्त. म्हणजे गेले कित्येक महिने टॉगल, म्हणजे ब्रेकच्या मुठी, पूर्ण वर सोडूनही तू थोडा ब्रेक लावूनच उडतोयस. फ्रंट रायझर ओढला की कॅनॉपी उसळते, फ्लेअरला, म्हणजे उतरताना ब्रेक ओढण्याला, दम नाही, वेग मिळत नाही, म्हणून लहान कॅनॉपी हवी, असं तू लिहिलंयस. अरे, ही सगळी आखूड ब्रेक लाइनची लक्षणं आहेत. कॅनॉपी बिचारी ठीक आहे. नवा लाइनसेट लावून देते, त्यावर पन्नास जंप कर आणि मग सांग ती सुस्त आहे का.

आता १३५ चं. कपडे आणि रिग धरून तुझं वजन १९० पौंड. सध्याच्या १७० चौरस फुटांवर विंग लोडिंग, म्हणजे चौरस फुटामागे पौंड, १.१ च्या आसपास येतं, १३५ वर ते १.४ होईल. आकडा वाचायला लहान वाटतो, पण लहान कॅनॉपीच्या लाइन्सही आखूड असतात, त्यामुळे ती वळते झपकन आणि वळणात उंची खाते भराभर. तू १७० वर जे वळण डोळे झाकून घेतोस, तेच वळण तिथे तुला जमिनीच्या कितीतरी जवळ नेऊन सोडेल. मधे १५० आहे. ती गाळू नकोस.

माझ्या पायातली सळई तू लहानपणापासून बघतोयस. ती कशी आली हे मात्र मी तुला कधी नीट सांगितलं नाही. माझ्या चारशेच्या वर जंप झाल्या होत्या, कॅनॉपी नुकतीच लहान केली होती. फ्रंट रायझरवर नव्वद अंशांचं वळण घेऊन उतरायचं ठरवलं होतं. वळणाच्या जागी पोचले तर खाली डावीकडे दुसरं कोणीतरी उतरत होतं. थांबले. तो पुढे सरकेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले, आणि तरीही मी वळले. ठरवलं होतं ना, म्हणून. तेवढ्या वेळात उंची गेली होती, हे दिसत असूनही हातांनी आधी ठरलेलंच केलं. वळणात अंग कॅनॉपीच्या बाजूला फेकलं जातं, आणि कॅनॉपी पुन्हा डोक्यावर यायला तिला उंची लागते. ती नव्हती. जमीन वर येतेय असं वाटत नाही रे, ती चहूबाजूंनी पसरत जाते. मी टॉगल छातीपर्यंत ओढले आणि त्यानंतरचा फक्त आवाज आठवतो. घोटा, नडगी आणि चार महिने.

मेन पूर्ण उघडलेलं होतं. रिझर्व्ह पाठीवर शाबूत होतं, एएडी, म्हणजे रिझर्व्ह आपोआप उघडणारी पेटी, तेही चालू होतं. काहीच बिघडलं नव्हतं. उपयोगाचं असं एकही हँडल मला नव्हतं, कारण त्या उंचीवर कटअवे करून, म्हणजे मेन सोडून देऊन, काही मिळत नाही. स्वूपमध्ये माणसं बहुतेक वेळा अशीच मोडतात, उत्तम चालणाऱ्या कॅनॉपीखाली. म्हणून आधी कॅनॉपी कोर्स कर. पाच हजार फुटांवर, जमिनीपासून लांब, तुझी कॅनॉपी वळणानंतर सरळ व्हायला किती उंची घेते ते अल्टिमीटरवर वाचून वहीत लिही. आणि वळणाची उंची चुकली की वळायचंच नाही, सरळ उतरायचं. ही सवय हातांना लागल्याशिवाय १८० किंवा २७० अंशांच्या वळणाचं नावही काढू नकोस.

विंगसूटला हे सगळं उलटं लागतं. तिथे उघडताना तुझ्या पाठीमागे मोठ्ठा मेलेला वारा असतो, सूटच्या पंखांमुळे. त्यातून बाहेर पडायला पायलट शूट, मेनला बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट, मोठं लागतं, ब्रायडल, त्याला मेनशी जोडणारी पट्टी, लांब लागते, आणि कॅनॉपी सात सेलची (कप्प्यांची), शांत, भोळी. लाइन्सना पीळ, म्हणजे ट्विस्ट, बसले तर हात अजून पंखांत असतात, वर रायझरपर्यंत पोचायला झिप उघडावी लागते. तेवढा वेळ शांत कॅनॉपी ट्विस्टसकट सरळ उडत राहते. १.४ वाली राहत नाही, ती एका अंगावर कलून गरगर फिरायला लागते.

एएडीचंच बघ. नेहमीच्या सेटिंगची पेटी साधारण ७५० फुटांवर आणि सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगानं पडत असलास तरच रिझर्व्हला बंद ठेवणारा लूप कापते. विंगसूट चांगला उडत असला तर तुझा खाली येण्याचा वेग त्याच्या निम्म्यावर असतो, म्हणजे उघडायचं विसरलास तर ती पेटी गप्प बसू शकते. आणि लहान कॅनॉपीवर मोठ्या वळणात नेमका तोच वेग ओलांडला जाऊ शकतो, मग ती नको तेव्हा कापेल. म्हणून स्वूप करणाऱ्यांसाठी जास्त वेगाला चालणारी वेगळी पेटी बनवावी लागली. एकच पेटी एका खेळाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्यात भलत्या वेळी बोलते. एकाच रिगवर नको म्हणते ते यासाठी.

अमेरिकेतल्या पॅराशूट असोसिएशनचा नियम आहे की विंगसूटच्या आधी किमान २०० जंप हव्यात. तुझ्या २४० झाल्यात, त्यामुळे मी अडवणार नाही. पहिले सूट लहान पंखांचे घे. विमानातून निघताना पंख मिटून ठेव, विमानाचं शेपूट वरून गेल्याशिवाय उघडू नकोस. आणि एक गोष्ट मला शब्द म्हणून हवीय: सूट चढवला की मांडीचे पट्टे दिसेनासे होतात. पायांना सूटचाच ताण जाणवतो, त्यामुळे पट्टा सैल किंवा उघडा असला तरी कळत नाही. झिप ओढण्याआधी दोन्ही पट्ट्यांत हात घालून ओढून बघ, आणि विमानात चढण्याआधी दुसऱ्या माणसाला हात घालून बघायला लाव. लाजू नकोस. तो हसला तर हसू दे.

ब्रायडल मी स्वतःच बदलून घेईन, कंटेनरचे, म्हणजे पाठीवरच्या पिशवीचे, कोपरेही थोडे कापून शिवीन, असं तू लिहिलंयस. ते वाचून मी उठून फेऱ्या मारल्या. आजचा विंगसूट ज्याच्यामुळे उभा राहिला तो पॅट्रिक दे गायार्दों १३ एप्रिल १९९८ ला हवाई बेटांवर मरण पावला. उडण्यात त्याच्या तोडीचं तेव्हा कोणी नव्हतं. त्यानं स्वतःच्या कंटेनरमध्ये बदल केला होता, आणि त्या बदलातल्या चुकीनं तो गेला. पुढच्याच वर्षी विंगसूट विकत मिळू लागले, ते त्याला बघायला मिळाले नाहीत. माझा हात तीस वर्षं या शिलाईवर बसलाय, तरी मी माझं काम दुसऱ्या रिगरला, म्हणजे पॅराशूट दुरुस्त करून पॅक करणाऱ्याला, उघडून दाखवते. तू सुईला हात लावायचा नाहीस. जे हवं ते मला सांग, मी करीन, आणि तपासणारा तिसराच कोणी असेल.

मेनचा क्लोजिंग लूपही (कंटेनर बंद ठेवणारा) बदललाय, अर्धा झिजला होता. पायलट शूट कॉक केलंस का, म्हणजे उघडायला तयार ठेवलंस का, हे ब्रायडलच्या खिडकीत रंग बघून ठरवतोस ना? तुझ्या खिडकीतला रंग इतका उडालाय की मला दोनदा बघावं लागलं. किल लाइन, ब्रायडलमधली पायलट शूट मिटवणारी दोरी, नवी घातली, आता हिरवी लख्ख दिसेल.

रिझर्व्ह दुपारी पॅक करून सील लावते. लाइनसेट बसवायला आठवडा लागेल, तोवर जंप नाही. विंगसूटसाठी माझी जुनी सात सेलची कॅनॉपी आणि दुसरा कंटेनर ठेवलाय, तो नेऊन तुझ्या मापाचा आहे का बघ.

तुझ्या उजव्या ब्रेक लाइनचा कापलेला तुकडा याच पाकिटात घातलाय. लव उठलेल्या जागी नख लावून खरवड आणि किती धागे सुटून येतात ते मोजून मला कळव.

तुझी,
आई