चिकूचे लाडू

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू दबक्या आवाजात "पोराची किडनी गेली का रे?" विचारलंस आणि मला धड बोलता आलं नाही. ती चिकूसमोर बोलायची गोष्टही नव्हती. किडनी गेलेली नाही रे, तिची गाळणी गळत होती.

गेल्या श्रावणात सकाळी उठला की त्याचे डोळे सुजलेले असायचे, दुपारपर्यंत उतरायचे. एका डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून थेंब दिले, ते आम्ही तीन आठवडे इमानेइतबारे घातले. मग चड्डीचं इलॅस्टिक पोटात रुतू लागलं, लघवीला ताकासारखा फेस. आई खूश, "पोरगं अंग धरतंय." अंग कसलं धरतंय, पाणी साठत होतं! तपासलं तर लघवीत प्रोटीन चार प्लस, म्हणजे भरपूर.

नेफ्रॉटिक सिंड्रोम. लहान मुलांत त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा 'मिनिमल चेंज' नावाचा आजार असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किडनी ठणठणीत दिसते, म्हणून हे नाव. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून बघितलं तरच गाळणीवरच्या पेशींची बारीक बोटं सपाट झालेली दिसतात. तिथून रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत निसटतं आणि अंगावर सूज चढते. त्याची बायोप्सी केली नाही; या वयात आधी स्टेरॉइड देऊन बघतात. 6 आठवडे रोज, पुढचे 6 एक दिवसाआड. बाराव्या दिवशी लघवी स्वच्छ! पण भूक विचारू नकोस. रात्री दोनला उठून वरणभात मागायचा. गाल टम्म पुरीसारखे, आणि चिडचिड तर अशी की मांजरसुद्धा त्याच्या वाटेला जाईना.

आता रोज सकाळी मोरीत माझी प्रयोगशाळा. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, त्यात ॲसिडचे थेंब टाकायचे आणि मागे पेपर धरायचा. नळीतून अक्षरं लख्ख दिसली की जीव भांड्यात. पांढरं गढूळ होऊन अक्षरं बुडाली, सलग तीन दिवस तीन प्लस आलं, की आजार उलटला. फेब्रुवारीत साध्या सर्दीनं उलटलाच. बहुतेक मुलांचा असा उलटतो, पण वयात येईपर्यंत बऱ्याच जणांचा सुटतोही, म्हणतात डॉक्टर. त्या आशेवर वही चालू आहे. ती चिकूच भरतो. काही नसलं की गोल काढायचा, त्याला तो लाडू म्हणतो. आज सलग एकविसावा लाडू.

मे महिन्यात या सगळे. फक्त कुणाला सर्दी-खोकला असेल तर आठवडाभर थांबून या. आणि वहिनींना सांग, यंदा पापड-लोणचं आणू नका. खारट बंद आहे त्याला, आणि वहिनींचं लोणचं बघून मलाही राहवणार नाही.

तुझा,
पक्या