वल्हं मांडीवर घेतल्यावर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "मग काय काय दिसलं नदीवर?" आणि मी "ऊद दिसले", म्हणजे पाणमांजरं दिसली, एवढंच बोलून मोकळा झालो. तेव्हापासून ते उत्तर मला खुपतंय. म्हणून हे पत्र. निवांत बसून वाच.

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, पाण्यात घातली तेव्हा नुकतं फटफटलं होतं. हवा चांगलीच गार, कान दुखावेत इतकी. पण वल्ह्यावरून बोटांवर ओघळलेलं पाणी कोमट लागलं. रात्रभरात हवा निवते तितकी नदी निवत नाही. तिची वाफ गार हवेत शिरली की तिथल्या तिथे तिचं धुकं होतं. त्यामुळे ते धुकं वरून उतरलेलं नव्हतं, नदीच्याच अंगातून निघत होतं, तापत्या दुधावरच्या वाफेसारखं. कयाकमध्ये आपण जवळजवळ पाण्याच्या पातळीलाच बसतो, त्यामुळे दहा हातांपलीकडचं काही दिसेना. ऐकू मात्र सगळं येत होतं. पाण्यालगत गार हवा आणि तिच्यावर उबदार थर असला, की वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर जातो. पलीकडच्या काठाला मासा उसळला तरी तो माझ्या शेजारीच उसळल्यासारखा वाटला. मग माझं वल्हं कडेला खट्कन लागलं आणि लक्षात आलं, की हा आवाजही तितकाच लांब गेला असणार.

आता चूक सांगतो. उथळ पाण्यात एक राखी बगळा उभा होता, मान आखडून, अगदी निश्चल. मी आनंदाने सरळ त्याच्याच रोखाने वल्हवत निघालो. तो घोगरं ओरडून उडाला आणि पुढच्या वळणावर जाऊन बसला. मीही पुढे. पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. गारठ्यात सकाळचं पोट भरायला उभं राहिलेलं पाखरू, आणि मी त्याला बघायला आलोय म्हणत नुसता पुढे हाकलत होतो. मग मी समोरच्या काठाला सरकलो, तोंड दुसरीकडे वळवलं, वल्हं मांडीवर आडवं घेतलं आणि प्रवाहावर सोडून दिलं. नदीने मला त्याच्यासमोरून हळूहळू नेलं. या वेळी त्याने फक्त एक डोळा माझ्याकडे ठेवला. मी पुढे गेलो-न गेलो तोच त्याची मान सुटली आणि चोचीत मासा. लगेच गिळला नाही. उलटापालटा करून आधी डोकं आत जाईल असा धरला, कारण शेपटीकडून गिळला तर पर आणि खवले घशात अडकतात. मग मानेतून तो फुगवटा खाली सरकत गेलेला मी पाहिला.

एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात घोळतेय. कयाक मुळात शिकारीचीच होडी. आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांनी लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवली, ती सावजाच्या जवळ चाहूल न देता पोचण्यासाठी. म्हणजे जवळ जायची ताकद या होडीत आहेच. कुठे थांबायचं, ते आपल्याला कळायला हवं.

पुढे बरंच काही होतं. कवड्या खंड्या हवेत एकाच जागी फडफडत, चोच खाली रोखून लटकला होता आणि दगडासारखा पाण्यात पडला. वाळक्या फांदीवर तिरंदाज पंख पसरून बसला होता. त्याची पिसं पाण्याने भिजतात, म्हणून त्याला सहज बुडी मारता येते, आणि म्हणूनच नंतर असं वाळत बसावं लागतं. पण मला सांगायचंय ते डोहापाशी घडलेलं.

आधी दिसली बुडबुड्यांची एक ओळ, माझ्या दिशेने येणारी. ऊदाच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो, दाट केसांत अडकलेली हवाच त्याला ऊब देते. बुडी मारली की त्यातली थोडी हवा दाबली जाऊन निसटते. ती ओळ कयाकच्या दोन लांब्यांवर थांबली आणि पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं. मिशांच्या प्रत्येक केसाच्या टोकाला पाण्याचा थेंब! मागोमाग आणखी तिघं. एकाने पुढच्या दोन्ही पंजांत मासा धरला होता आणि तो डोक्याकडून खात होता. काटे मोडल्याचा कुडुमकुडुम आवाज मला स्पष्ट येत होता. सगळ्यात लहान होतं त्याने मान उंच काढून माझ्याकडे पाहिलं, नाकातून फुर्र केलं, बुडालं आणि जरा आणखी जवळ येऊन पुन्हा पाहिलं. कॅमेरा गळ्यात होता. हात हलवावासा वाटला नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण धुकं विरलं तेव्हा डोह रिकामा होता. काठाच्या खडकावर ओले पंजे उमटले होते, शेजारी त्यांची विष्ठा, माशांच्या खवल्यांनी चमचमणारी. उन्हं आली तसे पंजे एकेक करून पुसट होत गेले.

तुला पाण्याची धास्ती वाटते, ठाऊक आहे मला. लाईफ जॅकेट शेवटपर्यंत अंगावर राहील आणि आपण काठ धरूनच जाऊ. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे भिजलोच तर बदलायला कोरडे लोकरीचे कपडे घट्ट बंद पिशवीत घेऊ. दोघांची कयाक आणतो. तू पुढे बस, म्हणजे तुझ्या आणि नदीच्या मध्ये कोणी नसेल. डोह जवळ आला की मी तुझ्या पाठीला हलकेच बोट लावीन, तेव्हा तूही वल्हं मांडीवर घे.

कोणत्या रविवारी जमेल ते कळव. कानटोपी आण.

तुझाच,
मित्र